खिंडीतले तीन रूळ

या, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर शेवट ऐकू येणार नाही, आणि या गोष्टीचा जीव शेवटातच आहे. गोष्ट वेल्समधल्या आमच्या ब्लाइनगोव दरीतली, कोळशाची खाण बंद पडून दीड वर्ष झालं होतं तेव्हाची. तीत चोरी आहे, संशयित आहेत, शोध आहे. चोर सापडतोही. सापडून कुणाचं भलं झालं नाही, तरी सांगायला हवी, म्हणून सांगतो.

१

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला, म्हाताऱ्या इआन्तोला माती देऊन एल्विन बेब घरी न जाता थेट खिंडीकडे आला. अंगावर काळा कोट तसाच होता. खिंडीच्या वरच्या तोंडाशी त्याने आदल्या दिवशी अंथरलेली ताडपत्री जागेवर नव्हती. ती बाजूला होती, चार घड्या घालून ठेवलेली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक धोंडा ठेवलेला. तिच्याखालचे तीन रूळ मात्र नाहीसे झाले होते.

एल्विनने आसपासच्या झुडपांत वाकून पाहिलं.

हे रूळ म्हणजे आज आपण पाहतो तसले नव्हेत. आगगाडीच्याही आधी या दरीतून घोडे लोखंडाच्या गाड्या ओढत नेत, त्या ट्रामवाटेचे ते. दीड हात लांब, ओतीव, काटकोनात दुमडलेले, कारण त्या काळी चाकाला कड नसे, रुळालाच असे. पोटाशी साल ओतलेलं : १८०३. निवृत्त माणसांच्या एका छोट्या मंडळाने सहा वर्षं खपून खिंडीतला गाळ उपसला होता, तेव्हा रूळ ज्यांवर बसवत ते भोकं पाडलेले दगड शंभरावर मिळाले, पण रूळ तीनच.

शुक्रवारी पुराणवस्तू खात्याचे साहेब यायचे होते. त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की भोकाचे दगड दरोदरी सापडतात. सालासकट रूळ दाखवलेत तर ही खिंड राखीव करता येईल. नाहीतर वसंतात तिच्यात माती लोटून वरून नवा मोठा रस्ता जाणार होता. नकाशे काढून झाले होते.

एल्विन चाळीस वर्षं रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम होता. आमच्याकडे नावं तीच ती, म्हणून माणसाच्या नावामागे त्याचा धंदा जोडतात. त्याला सगळे बेब रूळ म्हणत. होरेब चॅपलच्या कारभाऱ्यांपैकीही तो एक, आणि गाऊन सांगितलेल्या प्रवचनाचा वेडा. त्या दिवशी दुपारी तो खिंडीत राखणीला बसणार होता, पण इआन्तोच्या अंत्यविधीला उत्तरेकडचे वृद्ध टेगिड पॅरी आले होते. पॅरी बोलता बोलता सुरात शिरत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, दर खेपेला एक पायरी वर, तशी बाकांवरची माणसं डोलू लागत. कीर्तनात उत्तररंग चढावा आणि टाळकऱ्यांनी भान विसरावं, तसं ते असे. एल्विन डोळे मिटून ऐकत होता, आणि तिकडे त्याचे रूळ जात होते.

डोळे पुसून त्याने पुन्हा त्या घड्यांकडे पाहिलं. चोरटा माणूस ताडपत्री फेकतो. ही घडी कुणीतरी सांगितलेलं काम उरकून, निवांतपणे घातली होती.

म्हणजे उचलणारा वेगळा होता आणि धाडणारा वेगळा.

२

संध्याकाळ व्हायच्या आत गावाने चोर ठरवूनही टाकला होता. प्यू काउन्सिल. हा इद्रिस प्यू पूर्वी खाणीत अंमलदार होता, आता काउन्सिलर. मंडळात तो काउन्सिलतर्फे बसे आणि रस्ता व्हावा असं उघड म्हणे. रस्त्यावर पन्नास पोरांना काम मिळेल, असं त्याचं गणित होतं.

तो कामगार हॉलच्या वाचनालयात सापडला. एल्विनने काही विचारायच्या आत त्याने पेपर खाली ठेवला.

"बेब, मला ते रूळ घालवायचे असते तर मी मंडळात ठराव मांडला असता. तीन वर्षं चर्चा चालली असती, तोवर ते आपणहून गंजून संपले असते."

हॉलमधलं कुणी हसलं नाही. प्यूने आवाज खाली आणला आणि सांगितलं की दुपारभर इआन्तोची शवपेटी त्याच्या उजव्या खांद्यावर होती, शेजारच्या खांद्यावर हॉपकिन मेरिक होता, हवं तर त्याला विचार. एल्विनला विचारायची गरज नव्हती. पेटीमागून तोच तर चालत होता. आमच्याकडे कबरीपाशी फक्त पुरुष जातात, आणि त्या दुपारी दरीतला झाडून एकेक पुरुष तिथे होता.

मग तो मंडळाच्या चिटणीस मिस रॉसर यांच्याकडे गेला. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पण गावाला अजून बाईच. अंत्यविधीच्या वेळी त्या इआन्तोच्या घरी बायकांबरोबर येणाऱ्यांसाठी हॅम कापत बसल्या होत्या. पोलिसाला द्यायला रुळांचं वर्णन हवं म्हणून त्यांनी इतिवृत्ताची वही काढली. पानं उलटताना त्या एकेक विषय पुटपुटत होत्या : ताडपत्र्यांची खरेदी, वाटेवरच्या काटेरी झुडपांचा प्रश्न, हारगेस्ट घराण्याने इंग्लंडहून ओतून पाठवलेल्या पाटीचा मजकूर, तो चार विरुद्ध एक मतांनी मंजूर. ही पाटी शुक्रवारी खिंडीत बसवायची होती, आणि तोवर ती चॅपलमागच्या खोलीत ठेवली होती.

वर्णन सापडलं, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पण एल्विन, रूळ तर कुलपात होते ना? खिंडीतल्या झोपडीच्या?"

एल्विनने मान खाली घालून कबूल केलं. मंगळवारी दुपारी त्यानेच ते बाहेर काढले होते. साहेबांना ते जिथले तिथे, आपापल्या दगडांवर दिसावेत म्हणून मांडून ठेवले, वरून ताडपत्री घातली. खरं म्हणजे साहेबांसाठी नव्हे, त्याला स्वतःलाच एकदा तसे पाहायचे होते.

"कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणालाच नाही, बाई."

बाईंनी वही मिटली. मग ताडपत्रीखाली रूळ आहेत हे त्या माणसाला कळलं कुठून, असं त्या शांतपणे म्हणाल्या, आणि घोकंपट्टी चुकलेल्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिल्या.

परतताना तो हॉपकिन मेरिकच्या दारात थांबला. हॉपकिन सिग्नल हा त्याचा जन्माचा दोस्त. एकाच आठवड्यात दोघं रेल्वेत लागले, हॉपकिन केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढायला आणि एल्विन खाली रुळांवर. मंडळही दोघांनीच काढलं होतं. हॉपकिनने दार अर्धंच उघडलं. अंगात कणकण आहे म्हणाला. रुळांची बातमी त्याला कळली होती. गेले ते गेले, आता घरी जा, एवढंच बोलून त्याने दार लावून घेतलं. दुःख असं कुणाला मुकं करतं, असं एल्विनला वाटलं.

पोस्टापाशी नेस्टा टपाल शटर ओढत होती. तिने हाक मारली.

"एल्विनकाका, तुम्ही सगळ्यांना विचारत फिरताय, मला कुणी विचारत नाही. पुरुष सगळे कबरीवर, मग रस्त्याकडे बघायला राहिलं कोण? मीच ना."

पावणेदोनला एक हिरवी लॉरी आली होती. दारावर 'स्कॅनेल, भंगार, बंदर' असं लिहिलेलं. ड्रायव्हर उतरून तिला विचारून गेला.

"काय विचारलं?"

"खिंडीचं वरचं टोक कुठलं म्हणाला. दाखवलं मी बोटाने."

३

गुरुवारी पहिल्या बसने एल्विन बंदराला गेला. स्कॅनेलचं आवार कुंपणापर्यंत लोखंडाने भरलेलं होतं. बंद पडलेल्या आमच्या खाणीचा एक डबाही त्यात उलटा पडला होता. एल्विनने त्याच्याकडे पाहिलं नाही.

स्कॅनेल तोंडाळ पण सरळ माणूस होता. लॉरी त्याने स्वतःच नेली होती. चोरी वगैरे शब्द ऐकून तो भडकला. मंगळवारी सकाळी त्याला फोन आला होता. एक वयस्क माणूस, बोलणं दरीतलं, मंडळातर्फे बोलतोय म्हणाला. एक जड ओतीव तुकडा आहे, ताडपत्रीखाली झाकून ठेवतो, बुधवारी दीड ते तीनमध्ये या आणि घेऊन जा, दुसरं काही नको.

"एक तुकडा?"

"एकच म्हणाला. सापडले तीन. मी म्हटलं, म्हाताऱ्याला मोजता येत नसेल."

"आता कुठेत?"

स्कॅनेलने डोकं खाजवलं. पोलादाच्या कारखान्याची गाडी सकाळी सहालाच भरून गेली होती. जुनं ओतीव लोखंड त्यांना आधी हवं असतं. एव्हाना ते भट्टीत असेल.

एल्विन एका पिंपावर बसला. स्कॅनेलने त्याला चहा आणून दिला, साखर न विचारता तीन चमचे घालून. अर्धा चहा पिऊन झाल्यावर एल्विनने शेवटचा प्रश्न विचारला. जागा कशी सांगितली होती? त्याच्या शब्दांत सांग, तुझ्या नको.

"खिंडीच्या अप टोकाला, असं. मी म्हटलं, अप म्हणजे वरचं ना? तर रागावला. म्हणाला, अप म्हणजे अप."

पेला एल्विनच्या हातातच राहिला. मग तो उठला, आणि आलेली पहिली बस पकडण्यासाठी एकाहत्तर वर्षांचा तो माणूस अक्षरशः धावला.

४

बसमध्ये तो खिडकीशी बसून ओठ हलवत होता. शेजारच्या बाईला वाटलं प्रार्थना करतोय.

रूळ ताडपत्रीखाली आहेत हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि फोन तर मंगळवारी सकाळचा, म्हणजे रूळ झोपडीत कुलपात होते तेव्हाचा. तेव्हा फोन करणाऱ्याने रूळ धाडलेच नव्हते. त्याला दुसरंच काही नाहीसं करायचं होतं, तीन नव्हे, एक. तो तुकडाही त्याने ताडपत्रीखाली ठेवला होता. मंडळाकडे ताडपत्र्या दोन होत्या.

आता राहिलं ते टोक. खाणवाला असो, मास्तरीण असो, पाद्री असो, 'अप' म्हटलं की दरीतला कुणीही डोंगराकडे बोट करील. नेस्टाने केलं तसंच. पण रेल्वेत अपचा चढाशी संबंध नाही. राजधानीकडे जायची दिशा ती अप, मग गाडी उतारावरून का घसरत जाईना. घाट उतरून मुंबईला येणारी गाडी तुमच्याकडे अपच म्हणतात, तसंच. आमच्या शाखेवर लंडनची वाट दरीतून खाली जाते. त्यामुळे रेल्वेच्या माणसाच्या तोंडी खिंडीचं अप टोक म्हणजे खालचं टोक, आणि चाळीस वर्षं तसं म्हटल्यावर त्याला दुसरा काही अर्थ असू शकतो हे डोक्यातच येत नाही. उलट विचारणाऱ्याचा राग येतो.

तो एक थांबा आधी, खिंडीच्या खालच्या टोकाशी उतरला. अंगावर फोड उठवणाऱ्या चिडवणीच्या झुडपांत काठी घालत गेला. दहा पावलांवर काठीला ताडपत्री लागली.

खाली पाटी होती. नवी, काळी, सोनेरी उठावाची अक्षरं : 'ही ट्रामवाट १८०३ साली जोशुआ हारगेस्ट यांनी बांधली. त्यांच्या कर्तृत्वाला ही दरी ऋणी आहे.' चॅपलमागच्या खोलीची किल्ली दोघांकडे असे, आणि ब्लाइनगोवमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेली माणसंही दोनच होती. त्यांतला एक चिडवणीत उभा राहून हाताला आलेले फोड चोळत होता.

५

हॉपकिनने या खेपेला दार पूर्ण उघडलं. चूल विझलेली होती. टेबलावर सून देऊन गेलेले मनुका घातलेले तव्यावरचे केक तसेच पडले होते.

"स्कॅनेलकडे जाऊन आलास?"

"आलो."

"मी कालच जाऊन बघितलं. गावात ओरडा झाला तेव्हा. पाटी जिथली तिथे." तो खुर्चीत टेकला. "त्याच क्षणी कळलं मला, अप म्हणालो होतो."

एल्विनला खूप काही बोलायचं होतं. सहा वर्षं, तो गाळ, हिवाळ्यातले फुटलेले हात. पण त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच की पाटीने तुझं काय घोडं मारलं होतं.

हॉपकिन उठला. कपाटातून मेरिकांचं जुनं वेल्श बायबल काढून त्याने टेबलावर ठेवलं, पहिलं कोरं पान उघडलं. त्यावर जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. शाई तपकिरी झाली होती : 'लाउरी, वय एकोणतीस, ट्रामवाटेवर, खिंडीत.' साल १८१४.

ती त्याच्या खापरपणजोबांची बहीण. त्या काळी उतारावर गाड्या आवरायला बायका लावत. चाकाच्या आऱ्यांत लाकडाचा दांडा घालायचा आणि बाजूला उडी मारायची. त्या दिवशी रूळ तडकला होता. आदल्या संध्याकाळी तिनेच तसं मुकादमाला सांगितलं होतं. हारगेस्टने काम थांबवू दिलं नाही. हे सगळं काही त्या ओळीत नव्हतं. ते मेरिकांच्या घरात आजीने नातवाला सांगत सांगत आलं होतं.

"मी पाटी काढून टाका म्हटलं नव्हतं, एल्विन. त्याच्या नावाखाली तिचं नाव घाला म्हटलं होतं. एक ओळ. मंडळात बोललो मी, हे पुस्तक घेऊन आलो होतो. आठवतंय?"

एल्विनला अंधुक आठवलं. उशीर झाला होता, बाहेर बस उभी होती.

"चार विरुद्ध एक," हॉपकिन म्हणाला. "बाईंनी हात वर केला, पाद्र्याने केला, प्यूने केला. त्यांचं मला काही नाही. पण सगळ्यांच्या आधी एकजण म्हणाला, बायबलातली नोंद म्हणजे काही पुरावा नव्हे. चॅपलचा कारभारी म्हणाला."

ते वाक्य एल्विनचंच होतं. पुढच्या बुधवारी ताडपत्र्या घ्यायच्या आहेत, याची आठवण करून देताना तो ते घाईघाईत बोलून गेला होता.

"मला वाटलं पाटी भंगारात जाईल, दुसरी यायला वर्ष लागेल, तोवर मी तुम्हाला पटवीन," हॉपकिन म्हणाला. "आणि मी वितळवलं काय, तर ती ज्यावर चालली तेच. तिच्या पायाखालचं. तेवढंच तर तिचं उरलं होतं." मग सांगू का साहेबांना, असं त्याने विचारलं. उद्या सकाळी मी सांगतो, तू म्हणशील तसं.

एल्विनने बायबल मिटलं, ते नीट कपाटात ठेवलं, आणि उद्या काळा कोट घालून ये एवढं सांगून निघाला.

६

शुक्रवारी दहाला साहेब आले. तरुण होते, बोलायला मऊ. शंभर दगड त्यांनी एकेक करून पाहिले, वाकून बोटं फिरवली. एल्विनने सांगितलं की रूळ चुकून भंगारात गेले, चूक मंडळाची, म्हणजे माझी, कारण मी ते उघड्यावर मांडले. प्यूकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला की या माणसाचा यात काडीचा हात नाही, हे मी देवाला साक्षी ठेवून सांगतो. कुणाचा होता ते मात्र विचारू नका. हॉपकिन पुढे व्हायला लागला, तेव्हा एल्विनने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला.

प्यूने टोपी काढली, पण पुढच्या निवडणुकीत गावाने त्याला पाडलंच. साक्ष देवाची असली तरी लोकांना चोर हवा होता.

साहेबांनी फोटो मागितले. फोटो होते, पण रूळ झोपडीतल्या फळीवर ठेवून काढलेले. दगडांवरचा एकही नव्हता. त्यांनी हळहळून मान हलवली. एल्विनने मग शेवटचं मागणं मागितलं. खिंड जाईल तर जाईल, तुमच्या अहवालात एका बाईचं नाव घाला, ती इथे मेली.

साहेबांनी पेन उघडलं. "काही पुरावा आहे?"

"बायबलात नोंद आहे," एल्विन म्हणाला.

कुटुंबाच्या पुस्तकातली नोंद धरता येत नाही हो, असं साहेबांनी फार सभ्यपणे सांगितलं, आणि पेनाला टोपण लावलं. एल्विन त्यांच्यावर चिडला नाही. कुणावर चिडायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वसंतात खिंडीत माती लोटली. हॉपकिन त्याआधीच, फेब्रुवारीत गेला. एल्विनने पॅरींना निरोप पाठवला होता, पण तेही तोवर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा प्रवचन साधंच झालं. आज रस्त्यावरून ब्लाइनगोवला याल तर पहिल्या वळणावर, गवताच्या गोलात पाटी दिसेल. हारगेस्ट घराण्याने ती वाया जाऊ दिली नाही. सोनेरी अक्षरं दरवर्षी रंगवतात.

आता उठायच्या आधी एक करा. हात जोडायला नको, पुटपुटायलाही नको. मनात फक्त एक नाव ठेवा, आणि घरी गेल्यावर कुणाला तरी सांगा : लाउरी मेरिक. रूळ तडकलाय हे ती आदल्या दिवशीच सांगून गेली होती.